स्तन नसलेला सस्तन

प्लॅटिपसला स्तन नसतात. मादीच्या पोटावर कातडीखाली दुग्धग्रंथी असतात, पण त्यांना बोंडं नाहीत. दूध कातडीच्या बारीक छिद्रांतून घामासारखं पाझरतं आणि पिल्लं ते तिथूनच चोखून घेतात. तरीही शाळेच्या पुस्तकापासून विश्वकोशापर्यंत सगळीकडे तो 'सस्तन' प्राणी आहे. शब्द फोडून पाहिला तर 'स्तनासहित असलेला'. शब्द आणि प्राणी यांच्यात इतकी उघड विसंगती असूनही कुणाचं काही अडत नाही. एके काळी मात्र पुष्कळ अडलं होतं, जवळजवळ ८५ वर्षं. त्या ८५ वर्षांत एक प्रश्न वारंवार वर येतो, आणि माझ्या रोजच्या कामात तो रोज येत असल्यामुळे मला त्याबद्दल लिहावंसं वाटलं. एखाद्या गोष्टीची व्याख्या आणि ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला माणूस यांच्यात भांडण झालं, तर ऐकायचं कुणाचं?

आधी त्या शब्दाचा हिशेब. 'सस्तन' ही काही मराठीची करणी नाही. लॅटिनमधल्या 'मॅमेलिया'चा तो सरळ अनुवाद आहे. 'मॅमा' म्हणजे स्तन. हे नाव कार्ल लिनिअसने १७५८ साली दिलं. त्याआधी तो या प्राण्यांना 'क्वाड्रुपेडिया', म्हणजे चतुष्पाद, म्हणत असे. पण देवमासा या वर्गात आणायचा तर चार पाय कुठून आणणार? नवीन नाव हवं होतं आणि पर्याय बरेच होते. अंगावर केस असतात, रक्त उष्ण असतं, हृदयाला चार कप्पे असतात. त्यांतून त्याने स्तन उचलले, म्हणजे अर्ध्याच जमातीत, तेही काही काळच, काम करणारा अवयव. लॉन्डा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी यावर नेमकं बोट ठेवलंय. लिनिअस वैद्य होता, आणि श्रीमंत बायकांनी मुलं दाईकडे दूध पाजायला देऊ नयेत म्हणून त्याने १७५२ साली एक पुस्तिका लिहिली होती. आईने स्वतः पाजावं, तो निसर्गनियम आहे, असं त्याचं म्हणणं. सहा वर्षांनी त्याने अख्ख्या प्राणिवर्गाच्या कपाळावर तोच नियम कोरला. शीबिंगर यांचं हे म्हणणं मला पटतं. वर्गाचं नाव ठेवताना लिनिअस एका वर्णनाबरोबर एक अपेक्षाही नोंदवत होता.

जर्मन भाषेत या प्राण्यांना 'पाजणारे प्राणी' अशा अर्थाचा शब्द आहे. जर्मन सुटले, कारण प्लॅटिपस पाजतो. आपण लॅटिनच्या मागे गेलो आणि अडकलो.

आपल्या जुन्या वाटणीने गेलो असतो तर गोष्ट आणखी वेगळी झाली असती. ऐतरेय उपनिषदात जीवांचे चार प्रकार येतात: अंड्यातून जन्मणारे अंडज, वारेतून जन्मणारे जारुज, घामातून जन्मणारे स्वेदज आणि जमीन फोडून वर येणारे उद्भिज्ज. त्या हिशेबात प्लॅटिपस मुकाट कोंबडी आणि मगरीच्या रांगेत जाऊन बसला असता आणि वटवाघूळ गायीच्या रांगेत. यात हसण्यासारखं काही नाही. 'जन्म कसा झाला' एवढाच प्रश्न विचारला तर हे उत्तर चोख आहे. खण कसे पाडायचे हे प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. गोंधळ होतो तो एका प्रश्नासाठी पाडलेल्या खणाला दुसराच प्रश्न विचारल्यावर.

आता प्राणी. १७९८ साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर कॅप्टन जॉन हंटर याने एक वाळवलेलं कातडं आणि एक चित्र इंग्लंडला पाठवलं. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉने १७९९ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं आणि त्यातच आपली शंकाही नोंदवली. कुणी तरी चतुष्पादाच्या डोक्याला बदकाची चोच शिवून दिली असावी, अशी ती शंका. पूर्वेकडच्या बंदरांतून माकडाचं धड आणि माशाचं शेपूट जोडून केलेल्या 'जलपऱ्या' युरोपात यायच्या, त्यामुळे शंका रास्तच होती. शॉने कातडं निरखून पाहिलं, टाके सापडले नाहीत, आणि त्याने प्राणी मान्य केला. या गोष्टीत मला शॉ आवडतो. शंका आली, वस्तू तपासली, वस्तू जिंकली.

नाव मात्र त्याचं टिकलं नाही. त्याने ठेवलं 'प्लॅटिपस अ‍ॅनाटिनस', म्हणजे बदकासारखा सपाट-पाया. पण 'प्लॅटिपस' हे प्रजातीचं नाव १७९३ सालीच हेर्ब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला देऊन टाकलं होतं. प्राणिशास्त्रात एकाच नावाच्या दोन प्रजाती चालत नाहीत. पहिला आला त्याचा हक्क. (एकाच नावाची दोन पॅकेजेस एका प्रोजेक्टमध्ये आली की काय होतं हे ज्यांनी सोसलंय त्यांना या नियमाची कदर कळेल.) इकडे गटिंगेनमध्ये ब्लुमेनबाखने १८०० साली, शॉचं नाव ठाऊक नसताना, दुसऱ्या एका नमुन्यावरून 'ऑर्निथोऱ्हिंकस पॅरॅडॉक्सस' असं बारसं केलेलं होतं: पक्षिमुखी विरोधाभास. शेवटी तडजोड झाली. प्रजातीचं नाव ब्लुमेनबाखचं, जातीचं नाव शॉचं: ऑर्निथोऱ्हिंकस अ‍ॅनाटिनस. पक्ष्याच्या तोंडाचा, बदकासारखा. दोन शब्दांत दोनदा पक्षी आणि त्या प्राण्याचं स्वतःचं एक अक्षर नाही. ती चोचही पक्ष्याची नव्हेच. ती मऊ, कातडी असते आणि पाण्यात डोळे-कान मिटून पोहताना भक्ष्याच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज टिपते. हे १९८६ साली कळलं. बोलीत आपण अजूनही प्लॅटिपसच म्हणतो, म्हणजे रीतसर पाहिलं तर भुंगेऱ्याच्या नावाने हाक मारतो.

त्याला स्वतःची नावं होती. यास भागातले मूळनिवासी त्याला मलांगाँग किंवा तांब्रीत म्हणत, असं जॉर्ज बेनेट या डॉक्टराने लिहून ठेवलंय. बारशाच्या वेळी ही नावं कुणाला आठवली नाहीत; तेव्हाची पद्धतच तशी होती. पण नाव न घेणं आणि साक्ष न घेणं या दोन गोष्टी एकाच सवयीतून येतात.

साक्षीची गोष्ट अशी. १८०२ साली एव्हरार्ड होमने प्राण्याची चिरफाड करून दाखवलं की मल, मूत्र आणि प्रजनन यांना बाहेर जायला एकच वाट आहे, पक्ष्यासारखी, सरड्यासारखी. १८०३ मध्ये पॅरिसच्या जॉफ्रुआ सेंतिलेरने प्लॅटिपस आणि एकिडना यांना एकत्र करून 'मोनोट्रीम', म्हणजे एकछिद्री, असं नाव दिलं. पुढे त्याचं मत पक्कं झालं की हे सस्तन नव्हेत, यांचा वर्गच वेगळा. हे अंडी घालत असणार. १८२४ साली मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला दुग्धग्रंथी सापडल्या. झालं! जॉफ्रुआ म्हणाला, त्या दुधाच्या नाहीतच, दुसराच काही स्राव असेल. का? तर अंडी घालणारा प्राणी दूध देत नसतो. लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने ग्रंथींचा अभ्यास करून १८३२ मध्ये त्या दुधाच्याच आहेत हे मांडलं. ते बरोबर होतं. मग ओवेन म्हणाला, अर्थातच हा अंडी बाहेर घालत नसणार. अंडं पोटातच उबत असेल आणि पिल्लू जिवंत बाहेर येत असेल. का? तर दूध देणारा प्राणी अंडी घालत नसतो.

दोघंही आपल्या काळातले अव्वल माणसं. दोघंही निम्मे बरोबर. आणि दोघांचंही उरलेलं निम्मं एकाच कारणाने चुकलं. दूध आणि अंडी एकत्र नांदत नाहीत हे विधान तोवर पाहिलेल्या प्राण्यांचा गोषवारा होता. त्यांनी ते न पाहिलेल्या प्राण्याबद्दलचा पुरावा म्हणून वापरलं. व्याख्येला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि तिची उलटतपासणी घेतलीच नाही.

खरे साक्षीदार होतेच. पॅट्रिक हिल नावाच्या डॉक्टराला कूकूगाँग या मूळनिवासी वडीलधाऱ्याने सांगितलं होतं की मादी बोरूच्या घरट्यात दोन अंडी घालते आणि ती बरेच दिवस उबवते. हे लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८२२ साली छापूनही आलं. ओवेनच्या दुग्धग्रंथींच्या आधी दहा वर्षं. लेफ्टनंट मॉल नावाच्या सैनिकाने १८३१ साली घरटी उकरली, मादीच्या कातडीतून दूध पाझरताना पाहिलं आणि त्याच घरट्यांच्या कचऱ्यात अंड्याच्या कवचासारखे तुकडेही त्याला मिळाले. एका माणसाच्या हातात दोन्ही उत्तरं! लंडनने दूध घेतलं आणि कवच सोडून दिलं. १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका डॉक्टराने ओवेनला कळवलं की पकडून ठेवलेल्या मादीने दोन अंडी घातली. ओवेनने ठरवलं की भीतीने तिचा गर्भपात झाला असावा.

इथे मला थांबून ओवेनची बाजू मांडली पाहिजे, नाही तर हे फार सोपं होईल. मूळनिवाशांच्या साक्षी एकसारख्या नव्हत्या. बेनेटला काहींनी अंडी सांगितली, काहींनी जिवंत पिल्लं. प्रश्न विचारणारा परकी भाषेतला, हातात बंदूक असलेला, आणि त्याला कुठलं उत्तर हवंय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं. अशा वेळी माणसं काय वाटेल ते सांगतात. शिवाय साक्षीदार म्हणाला म्हणून मानायचं ठरवलं तर त्या जलपऱ्याही मानाव्या लागतील. तेव्हा साक्षीवर शंका घेणं यात काही गैर नाही. माझी तक्रार शंकेच्या वाटणीबद्दल आहे. कूकूगाँगच्या वाट्याला सगळी शंका आली आणि 'सस्तन' या शब्दाच्या वाट्याला जरासुद्धा आली नाही. तो शब्द तेव्हा पाऊणशे वर्षांचा होता आणि ज्याने बनवला त्याने हा प्राणी कधी पाहिला नव्हता. कूकूगाँगच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची शिकार केली होती.

शेवट १८८४ साली झाला, आणि तो शेवट मला सगळ्यात जड जातो. केंब्रिजचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल क्वीन्सलंडमधल्या बर्नेट नदीकाठी तळ ठोकून बसला. सुमारे दीडशे मूळनिवासी त्याच्यासाठी प्राणी शोधत होते. ऑगस्टमध्ये त्याने एक मादी मारली. तिचं एक अंडं घालून झालं होतं आणि दुसरं बाहेर पडायच्या वाटेवर होतं. त्याने तार केली आणि २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत ती वाचली गेली: मोनोट्रीम अंडी घालतात. योगायोग असा की त्याच दिवशी अ‍ॅडलेडमध्ये विल्हेल्म हाके हा संग्रहालयाचा संचालक एकिडनाच्या पिशवीत सापडलेलं अंडं तिथल्या विद्वत्सभेला दाखवत होता. वाद मिटला. सांगणाऱ्यांचं खरं निघालं, पण खरं ठरल्याची तारीख एका तारेची लागली.

कॉल्डवेलने पुढे आपल्या शोधनिबंधात कामाची पद्धतही लिहून ठेवली. एकिडनाच्या प्रत्येक मादीमागे तो अर्धा क्राउन देत असे. पण पीठ, चहा आणि साखरही तोच विकत असे, आणि जास्त एकिडना येऊ लागल्या की तो त्या मालाचा भाव वाढवत असे. म्हणजे मिळालेले पैसे जेमतेम पोटापुरते उरावेत आणि माणसं भुकेली राहून शोधत राहावीत. हे त्याने लपवलेलं नाही, उलट युक्ती म्हणून सांगितलंय. ज्यांच्या शब्दाला साठ-सत्तर वर्षं किंमत नव्हती, त्यांच्याच भुकेवर तो शब्द सिद्ध करून घेतला गेला. उंबेर्तो एको यांनी १९९७ साली कांट आणि प्लॅटिपस यांना एका पुस्तकाच्या नावात शेजारी बसवलं आणि या साऱ्या वादात त्यांना एक लांबलेली वाटाघाट दिसली. एको मला फार आवडतात. पण वाटाघाटीला किमान दोन बाजूंना खुर्ची लागते.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे वर्ग पाडणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'क्लास' ही कल्पना शिकवताना हटकून प्राण्यांचं उदाहरण येतं: प्राणी, त्याखाली सस्तन, त्याखाली कुत्रा. मागच्या बाकावरून कुणी तरी हटकून 'सर, प्लॅटिपस?' विचारतो, वर्ग हसतो, सर पुढे जातात. नोकरीत हसू येत नाही. एका जुन्या प्रकल्पात ग्राहकांच्या नोंदणीचा फॉर्म होता. त्यात नाव आणि आडनाव दोन्ही भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. तमिळनाडूतल्या एका बाईंची तक्रार आली की मला आडनाव नाही. बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी अगदी शांतपणे म्हणाले, ''अरे, आडनाव नसलेला यूजर नसतोच. त्यांना फॉर्म कळला नसेल.'' बाईंनी आधार कार्डाची प्रत जोडली होती. त्यावर एकच शब्द होता. ''मग आधारवर चुकलं असेल,'' ते म्हणाले. मला तेव्हा ओवेन माहीत नव्हता; पुढे वाचताना भेटला तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. त्या बाईंनी शेवटी आपलंच नाव दोनदा टाइप केलं आणि त्या पुढे गेल्या. डेटाबेसमध्ये त्या अजून तशाच असतील. व्याख्येसाठी अपवाद ही एक ओळ असते. अपवादासाठी व्याख्या ही बंद दार असते, आणि दाराशी उभं राहण्याचा वेळ कधीच व्याख्या लिहिणाऱ्याच्या पगारातून कापला जात नाही.

आज विज्ञानाने यातून वाट काढली आहे आणि ती सुंदर आहे. लक्षणांची यादी करून तपासणी करण्याऐवजी आता वंशावळ पाहतात. स्तन आहेत का, अंडी घालतो का, हे प्रश्न प्रवेशपरीक्षेतून बाद झाले; तू कुणाचा, एवढंच विचारलं जातं. मोनोट्रीमांची शाखा आपल्या शाखेपासून साधारण अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी फुटली. अंड्यातल्या पिवळ्या बलकाचं एक जनुक प्लॅटिपसमध्ये अजून शाबूत आहे आणि दुधातल्या केसीनची जनुकंही आहेत. २००८ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दोन्ही एकत्र सापडली. शाळेत त्याला 'जोडणारा दुवा' म्हणतात ते मला खटकतं. आपल्यापर्यंत पोचायचं राहून गेलेला तो अर्धवट माणूस नव्हे. तो तितकीच कोटी वर्षं चालत आलाय, दुसऱ्या वाटेने.

पण इथे मराठीत लिहिणाऱ्या माणसाला एक ठेच लागते. जीवशास्त्राची आपली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शेवटचा शब्द पाहा. लक्षणांवरून नव्हे तर जन्मावरून ठरवावं, हा नियम प्लॅटिपसला मुक्त करतो. तोच नियम आपल्या समाजात काय करतो हे मी सांगायला नको. मी बराच काळ या दोन जातींमध्ये अडकलो होतो. एकीकडे जन्मावरून वर्ग ठरवणं न्याय्य आणि दुसरीकडे तेच अन्याय्य, असं कसं? मला आता वाटतं ते असं: वंशावळीचा वर्ग फक्त मागचं सांगतो. प्लॅटिपस सस्तन आहे या विधानातून त्याने उद्या काय करावं याबद्दल काहीच निघत नाही. तो खुशाल अंडी घालू शकतो. आपली जात मागचं सांगून थांबत नाही. ती विहीर, व्यवसाय आणि सोयरीक ठरवायला निघते. लिनिअसही नेमका याच जागी पाय टाकत होता, 'तुम्ही सस्तन आहात' म्हणतानाच 'म्हणून स्वतः पाजा' म्हणत होता. त्यामुळे कुणी मला एखादा वर्ग दाखवला की तो बरोबर आहे का याच्या आधी मी पाहतो, की त्यातून पुढे कुणाला काही हुकूम सुटणार आहे का. फॉर्मवरचं लाल चांदणीचं खूण केलेलं रकाना हाही हुकूमच असतो.

वंशावळीच्या पद्धतीतही कुंपण कुठे तरी घालावंच लागतं. १९८८ साली टिमथी रो या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाने सस्तनांची व्याख्या अशी मांडली: मोनोट्रीम आणि इतर हयात सस्तन यांचा जो सर्वांत अलीकडचा सामायिक पूर्वज, तो आणि त्याचे सगळे वंशज. ज्याला आत घ्यावं की नाही यावर ८५ वर्षं खल चालला, तोच आता कुंपणाचा खांब झाला. सगळ्यांनी ही व्याख्या मान्य केलेली नाही, पण पुष्कळांनी केली आहे. तिच्यामुळे मॉर्गान्युकोडॉन नावाचा, वीसेक कोटी वर्षांपूर्वीचा, चिचुंद्रीएवढा एक प्राणी बाहेर राहतो. त्याला आधी दुधाचे दात येत आणि मग पक्के, आणि दात येण्याची ही रीत पिल्लं दुधावर वाढत असल्याची खूण मानली जाते. म्हणजे तो बहुधा पाजत होता. आता तो सस्तन नाही.